तक्रारीला उभं राहायचं कुणी? सिमेंटचं पोतं, घरकुल आणि ‘समान हितसंबंध’

आजचा विषय कायद्याचा आहे आणि आम्ही वकील नाही. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तरी हा विषय घेतला, कारण त्याच्या मुळाशी ‘समान’ हा एक शब्द आहे. दोन गोष्टी समान आहेत असं केव्हा म्हणायचं, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो प्रश्न छतातून पाणी गळायला लागलं की समोर येतो.

आधी भूगोल आठवू. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. राजुरा, कोरपना भागात चुनखडी आहे, म्हणून तिथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. शेजारी चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, २९२० मेगावॅटचं. त्याची राख सिमेंटमध्ये जाते, विटांमध्ये जाते. आणि दक्षिणेला भामरागड, एटापल्ली, सिरोंचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणजे माल तयार होतो तिथून काही तासांच्या अंतरावर तोच माल वापरणारा असा माणूस राहतो, ज्याला जिल्ह्याच्या ठिकाणी यायला अख्खा दिवस लागतो. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इथल्या कुठल्याही कारखान्याचं सिमेंट वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. समजा उद्या एखाद्या आठवड्याचा माल खराब निघाला आणि तो पाचशे घरांत गेला, तर त्या पाचशे घरांच्या वतीने न्यायासनासमोर उभं राहायचा अधिकार कुणाला? कायदा याचं काय उत्तर देतो आणि ते उत्तर पुरेसं आहे का, एवढंच आज तपासायचं आहे.

‘अधिकार’ हा शब्द आपण आज ‘हक्क’ या अर्थाने वापरतो. मीमांसेत त्याचा अर्थ नेमका आहे: अमुक कर्म करायला पात्र कोण. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय सगळा याच प्रश्नावर आहे. तिथे एक प्रकार येतो, सत्र. सत्र म्हणजे अनेकांनी मिळून करायचा यज्ञ, सतरा ते चोवीस जणांचा. त्यात सगळेच यजमान, सगळेच ऋत्विज, आणि फळ वाटून मिळत नाही, प्रत्येकाला पूर्ण मिळतं. मग लगेच शंका निघते की कोणीही कोणाबरोबर सत्राला बसू शकतो का? उत्तर असं की नाही, ज्यांचा कल्प, म्हणजे कर्म करण्याची पद्धत, समान आहे त्यांनीच बसावं. आजच्या कायद्याच्या भाषेत हीच ‘समान हितसंबंधा’ची अट झाली.

पण मीमांसेचा हा अध्याय वाचताना दुसरी गोष्टही विसरायची नाही. अधिकार कुणाला, हे ठरवता ठरवता त्याच अध्यायाने शूद्रांना दाराबाहेर ठेवलं. ज्या भूमीत, त्या वेळच्या चांद्यात, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथे बसून अधिकाराची चर्चा करायची तर हे लक्षात ठेवूनच केली पाहिजे. पात्रतेचा नियम वरवर तांत्रिक दिसतो, पण आत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार हे तोच ठरवतो.

आता कायदा बघू. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा होता, त्याच्या जागी २०१९ चा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. तक्रार कोण करू शकतो, हे कलम ३५ मध्ये आहे. दारं चार आहेत. पहिलं, ज्याने माल घेतला तो ग्राहक स्वतः. दुसरं, मान्यताप्राप्त ग्राहक संघटना. तो ग्राहक तिचा सभासद असो वा नसो. तिसरं, पुष्कळ ग्राहकांचा हितसंबंध समान असेल तर त्यांच्यापैकी एक किंवा अनेक जण, आयोगाच्या परवानगीने, सर्वांच्या वतीने. चौथं, केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. आपल्या चर्चेचा विषय मुख्यतः तिसरं दार. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १, नियम ८ लागतो.

आणि ‘ग्राहक’ म्हणजे कोण? किंमत देऊन माल घेणारा, आणि त्याच्या संमतीने तो माल वापरणाराही. हा दुसरा भाग आपल्याकडे फार महत्त्वाचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या खात्यात येतात, आणि घर त्याने स्वतः बांधायचं असतं. म्हणजे कागदावर ग्राहक तोच. प्रत्यक्षात पोती आणतो मिस्त्री, नाव दुकानदाराच्या वहीत मिस्त्रीचं, बिल कच्चं. मग उद्या समोरचा वकील विचारणार, ‘तुम्ही ग्राहक कशावरून?’ याला उत्तर आहे. मिस्त्रीने घेतलं असलं तरी त्याच्या संमतीने वापरणारा घरमालक कायद्याने ग्राहकच आहे. शिवाय पक्कं बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. दुकानदाराने बिल दिलं नाही, याचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडू नये.

तिसऱ्या दाराचा अर्थ न्यायालयांनी कसा लावला, ते बघू. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाचं प्रकरण होतं, गणपती यांचं. तिथे न्यायालयाने म्हटलं की नियम ८ साठी हितसंबंध समान हवा, दाव्याचं कारण प्रत्येकाचं तेच असायला हवं असं नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात हेच पुढे नेलं. फ्लॅट लहान-मोठे असतील, किंमत वेगळी असेल, घेतल्याची तारीख वेगळी असेल, तरी एकाच विकासकाविरुद्ध गाऱ्हाणं एकच आणि मागणी एकच असेल तर हितसंबंध समान. मात्र तक्रार त्या गाऱ्हाण्याच्या सर्वांच्या वतीने हवी. ‘आम्ही एवढेच’ असं चालणार नाही.

मग १७ डिसेंबर २०२१ चा ब्रिगेड एंटरप्रायझेसचा निकाल आला. बंगळूरचा गृहप्रकल्प, ११३४ सदनिका. त्यांतल्या ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार सर्वांच्या वतीने उभे राहिले. मुख्य तक्रार ताबा द्यायला झालेल्या उशिराची. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाकीच्यांचा हितसंबंध तुमच्यासारखाच आहे हे दाखवणारा मजकूरच तक्रारीत नाही. इमारती वेगळ्या, पूर्णत्वाच्या तारखा वेगळ्या, उशीर वेगळा. तेव्हा सर्वांचे प्रतिनिधी म्हणून नाही, पण त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून ती चालू शकते.

हा निकाल आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. तर्क म्हणून तो नीट बांधलेला आहे. सर्वांच्या वतीने बोलणाऱ्याने ‘सर्व’ म्हणजे कोण आणि ते माझ्यासारखे कसे, हे सांगायला पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे. संयुक्त तक्रार आणि प्रातिनिधिक तक्रार यांतला भेदही त्याने स्वच्छ केला. आमचा आक्षेप निकालावर कमी आणि तो सरसकट सगळीकडे लावण्याच्या सवयीवर जास्त आहे. उशीर ही गोष्ट प्रत्येक करारात वेगळी घडते. एकाला सहा महिने, दुसऱ्याला दोन वर्षं. तिथे सारखेपणा माणसामाणसाकडे जाऊनच तपासावा लागतो. सिमेंटचा दोष तसा नसतो. तो एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच भट्टीत आणि एकाच गिरणीत निर्माण होतो आणि मग पोत्यांत भरून गावोगाव जातो. इथे सारखेपणा मालात आहे, माणसांत नाही. ब्रिगेडची फूटपट्टी या मालाला तशीच लावली तर आपण चुकीची वस्तू मोजत बसू.

पोत्यावर काय छापलेलं असतं, ते बघा. मानक ब्यूरोचं चिन्ह, कारण सिमेंटला ते सक्तीचं आहे. सिमेंटचा प्रकार. आणि बॅचचा किंवा आठवड्याचा क्रमांक, वर्षासकट. राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटचं मानक आयएस १४८९. त्यात राखेचं प्रमाण १५ ते ३५ टक्के, आणि ताकद ३ दिवसांनी किमान १६, ७ दिवसांनी २२, २८ दिवसांनी ३३ मेगापास्कल. म्हणजे पोत्यावरच लिहिलेलं आहे की हे पोतं कुणाचं भावंड आहे. कायदा जो ‘वर्ग’ शोधतो, तो कारखान्याने छापून दिलेला आहे. वर्षाला १० लाख टन सिमेंट करणारा कारखाना धरला तर एका आठवड्याचं उत्पादन साधारण १९ हजार टन होतं, म्हणजे ५० किलोची पावणेचार लाखांहून अधिक पोती. ‘अमुक आठवड्याचं पोतं ज्यांच्या घरात गेलं ते सर्व’, यापेक्षा नेमकी वर्गाची व्याख्या कोणती असणार?

यावर जो आक्षेप येईल तो खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. सिमेंट म्हणजे घर नव्हे. त्यात रेती येते, गिट्टी येते, लोहा येतो, पाणी येतं. मिस्त्रीने पाणी जास्त घातलं, रेतीत माती होती, स्लॅबवर सात दिवस पाणी मारलं नाही, तर चांगल्या सिमेंटचाही स्लॅब बिघडतो. दुकानात पोती जमिनीवर ठेवली, पावसाळ्याची ओल लागली, तर कारखान्यातून उत्तम निघालेला माल घरी येईपर्यंत कमजोर होतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त पडून राहिलेलं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये, असं बांधकामातली माणसं सांगतात ते याचसाठी. मग कारखानदार म्हणणार, पाचशे घरांच्या पाचशे कहाण्या आहेत, समान काय आहे?

न्यायशास्त्राचा विद्यार्थी इथे दोन प्रश्न वेगळे करेल. पहिला, त्या आठवड्याचा माल मानकात बसत होता की नव्हता? याचं उत्तर सर्वांसाठी एकच आहे, हो किंवा नाही. दुसरा, या अमुक घराला जे झालं ते त्या मालामुळे झालं का, आणि किती? याचं उत्तर घरागणिक वेगळं. दुसरा प्रश्न वेगळा आहे म्हणून पहिलाही वेगळा होत नाही. धूर प्रत्येक चुलीचा वेगळा असेल, लाकूड ओलं होतं की नव्हतं हा प्रश्न मोळीचा आहे. पहिला प्रश्न एकदा सर्वांसाठी सोडवायचा आणि मग प्रत्येकाने आपलं नुकसान दाखवायचं, अशी वाट १९९० च्या निकालातल्या भूमिकेशी जुळणारी आहे. ती नाकारली तर काय होतं? प्रत्येकाला पहिला प्रश्न स्वतंत्रपणे, स्वतःच्या खर्चाने सिद्ध करावा लागतो. ४२ हजारांच्या सिमेंटसाठी तो कोणी करत नाही.

आता पुराव्याकडे येऊ. कलम ३८ सांगतं की तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोगाने मालाचा नमुना घ्यावा, सील करावा, प्रयोगशाळेकडे पाठवावा, अहवाल ४५ दिवसांत यावा आणि खर्च आधी तक्रारदाराने भरावा. पंखा किंवा शिलाई मशीन असेल तर ठीक. सिमेंटचा नमुना आणायचा कुठून? ते वापरलं की संपलं. रिकामी पोती तर घरात धान्य भरायला, नाहीतर पावसात दारावर टांगायला गेलेली असतात. आणि ज्या पोत्यावर आठवड्याचा आकडा आहे ते पोतंच गेलं, की वर्गही गेला.

हा पेच आपल्या विदर्भाला नवा नाही. बियाण्यात तो येऊन गेला. शेतकरी सगळं बी पेरतो, थैलीत मूठभर राखून ठेवत नाही. मग उगवलं नाही तर तपासायला देणार काय? महाराष्ट्र हायब्रिड सीड्सच्या १९९८ च्या प्रकरणात आणि पुढे १६ जानेवारी २०१२ रोजी नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं. शेतकऱ्याने प्रयोगशाळेसाठी बी जपून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही, आणि नमुना नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही. कंपनीकडे त्या लॉटचा माल आणि नोंदी असतात, त्या तिने दाखवाव्यात. आमचं म्हणणं, सिमेंटला हाच न्याय लावा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या आठवड्याच्या चाचण्यांची नोंद असते. २८ दिवसांचा निकाल तर बहुधा माल बाजारात गेल्यानंतरच हाती येतो. तो कारखान्याला ठाऊक असतो, घरमालकाला नाही. कागद मागवण्याचा दिवाणी न्यायालयाचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. तो वापरायचा, की घरमालकाला ‘पोतं आणा’ म्हणायचं, हा आयोगाच्या दृष्टीचा प्रश्न आहे.

२०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्व हा नवा भाग आला, कलम ८२ ते ८७. त्याचं स्वागत झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्यातली ‘हानी’ची व्याख्या नीट वाचा. दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान, शारीरिक इजा, मृत्यू, मानसिक त्रास हे हानीत येतं. उत्पादनाचं स्वतःचं नुकसान येत नाही, आणि आर्थिक तोटाही येत नाही. आता सांगा, स्लॅबला तडा गेला तर ते सिमेंटचं स्वतःचं नुकसान की दुसऱ्या मालमत्तेचं?

हा वाद आपल्याकडे शतकानुशतकं चालू आहे, फक्त तो माती आणि घटावरून चालायचा. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. घट म्हणजे मातीच, रूप पालटलेली. नैयायिक म्हणतात, घट ही नवी वस्तू आहे, आधी नव्हती ती झाली. अवयवांहून अवयवी वेगळा. कारखानदाराचा वकील इथे सांख्य होणार: स्लॅब म्हणजे आमचं सिमेंटच की, उत्पादन स्वतःच बिघडलं, हानी कुठे? घरमालकाच्या वकिलाने नैयायिक व्हायला हवं: सिमेंट पोत्यात होतं, स्लॅब माझा आहे, तो रेती-गिट्टी-लोह्याचा आणि माझ्या मजुरीचा. इंग्लंडमध्ये १९९० साली मर्फी विरुद्ध ब्रेंटवुड प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने घरातला दोष दुरुस्त करण्याचा खर्च हा निव्वळ आर्थिक तोटा मानला आणि निष्काळजीपणाच्या दाव्यात तो नाकारला. तिकडची वाट आपण डोळे मिटून धरायचं कारण नाही. पन्नास किलोच्या पोत्याने छप्पर होत नाही. छप्पर ही वेगळी वस्तू आहे, हे सामान्य माणसाचं आकलन आहे आणि या बाबतीत ते न्यायदर्शनाशी जुळतं. बाकी, सदोष मालाची साधी तक्रार करायची वाट कलम ३९ मध्ये आहेच: पैसे परत, बदली माल, निष्काळजीपणाबद्दल भरपाई.

विटांचं आणखी निराळं आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरात मातीच्या विटांत किमान २५ टक्के राख मिसळायची सक्ती केली. २०१६ मध्ये राखेच्या वापराचं हे क्षेत्र ३०० किलोमीटरपर्यंत वाढलं. हेतू चांगला होता, सुपीक माती वाचावी, राखेचे डोंगर कमी व्हावेत. पण विटेवर आठवडा छापलेला नसतो. ती कुठल्या भट्टीची, कुठल्या राखेची, हे एकदा भिंत झाली की कळत नाही. म्हणजे सरकारने एक बांधकाम-साहित्य वापरायला भाग पाडलं, आणि त्याच्या ग्राहकांचा वर्ग ओळखण्याची सोय मात्र केली नाही. जिथे खूण नाही तिथे वर्ग नाही, आणि वर्ग नाही तिथे तिसरं दार बंदच.

आता थोडं गणित. सामूहिक तक्रारीत सगळ्यांच्या मालाची एकत्र किंमत धरून कोणत्या आयोगाकडे जायचं ते ठरतं, असं अंबरीश कुमार निकालाने सांगितलं. डिसेंबर २०२१ पासून जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, राज्य आयोगाची २ कोटी. धरून चालू की एका घरकुलाला १२० पोती लागली, भाव ३५० रुपये. झाले ४२ हजार. जुना नियम नव्या मर्यादेला लावला तर १२० घरं जमली की रक्कम ५० लाख ४० हजार होते आणि तक्रार गडचिरोलीतून उठून राज्य आयोगाकडे जाते. ४७७ वं घर सामील झालं की दिल्ली. एकट्याने केली तर तक्रार घराजवळ, शुल्कही नाही, कारण ५ लाखांपर्यंत ते माफ आहे. सगळे मिळाले तर न्याय लांब. कायद्याने एकत्र या म्हणायचं आणि एकत्र आलेल्यांना दूर पाठवायचं, ही विसंगती दुरुस्त करायला हवी. ऑनलाइन तक्रार आणि दूरदृश्य सुनावणीने ती कमी होते, पण ज्या गावात मोबाइलला रेंज नाही तिथे किती?

किमतीच्या बाबतीत काय झालं ते ताडून बघा. सिमेंट कंपन्या संगनमताने भाव ठरवतात, अशी तक्रार बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने स्पर्धा आयोगाकडे केली. २०१२ मध्ये आयोगाने सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. अपिलात तो आदेश २०१५ मध्ये रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यात कोण बरोबर हा आपला विषय नाही. पण दिसतं काय? भावाच्या तक्रारीला उभी राहणारी संघटना होती, तिच्याकडे वकील होते. आणि स्पर्धा कायद्यात तर माहिती देणारा स्वतः नाडलेला असावा अशी अटही नाही. २०२० च्या समीर अग्रवाल निकालाने ते स्पष्ट केलं. दर्जाच्या तक्रारीला मात्र विखुरलेली घरं आहेत, आणि त्यांच्यापुढे आधी ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न आहे.

इथपर्यंत ऐकून वाटेल की आम्ही म्हणतोय, दार सताड उघडा. तसं नाही. सारखेपणाची कडक अट कुणाचं रक्षण करते, हेही बघितलं पाहिजे. नियम ८ प्रमाणे झालेला निकाल हजर नसलेल्यांनाही बांधतो. समजा चंद्रपुरातल्या चार जणांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली, नीट चालवली नाही आणि हरले. भामरागडच्या ज्या माणसाला हे घडलं याची वार्ताही नाही, त्याचंही दार बंद झालं. यासाठी कायदा सूचना द्यायला सांगतो, माणसं फार असतील तर जाहिरातीने. जाहिरात कुठे? वर्तमानपत्रात. भाषा कोणती? सिरोंच्यात तेलुगू बोलतात, भामरागड-एटापल्लीत माडिया, गोंडी. कायद्याच्या मराठीतली बारीक टायपातली जाहिरात तिथे कोण वाचणार? गैरहजर माणसाला बांधायचं तर त्याला आधी खरोखर कळवलं पाहिजे. आमच्या मते आयोगाने आपली कडकपणाची ताकद दारावर खर्च करण्यापेक्षा या कळवण्यावर खर्च करावी.

आणि कळवण्याची जागा आपल्याकडे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, हे देशाला माहीत आहे. वनहक्क कायदा ग्रामसभेला समूह म्हणून ओळखतो. ग्राहक कायदा मात्र सुट्या माणसांची मोळी बांधतो आणि मग विचारतो, काटक्या सारख्या आहेत का? सामूहिक तक्रारीची नोटीस ग्रामसभेत, गावाच्या भाषेत वाचून दाखवावी, ज्याला बाहेर राहायचं त्याने तिथेच सांगावं, याला कायद्यात अडसर दिसत नाही. पुढे जाऊन, ‘व्यक्ती’च्या व्याख्येत नोंदणी नसलेला व्यक्तिसमूहही येतो. ग्रामसभेने स्वतःच्या पैशाने सिमेंट घेऊन समाजमंदिर बांधलं, तर ती स्वतः ग्राहक का नाही? बांबूचं गोदाम बांधलं तर समोरून ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप येईल. तो वादही एकदा होऊन जावा.

चौथ्या दाराकडे आपण फारसं जातच नाही. २०१९ च्या कायद्याची कलमं १६ आणि १७ वाचा. ग्राहकांच्या वर्गाला बाधक ठरणारी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते, ते चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. इथे समान हितसंबंध सिद्ध करायचं ओझं गावकऱ्यावर नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे घरकुलांची यादी, हप्ते आणि फोटो शासनाकडेच आहेत, तिथे कुठल्या आठवड्याचा माल कुठे गेला हे शोधणं शासनाला सोपं आहे. घरकुलाच्या फोटोत भिंत असते, लाभार्थी असतो. त्यात पोत्यावरचा आठवड्याचा आकडा का नसावा? एका फोटोने वर्ग तयार होतो, तेही तडा जायच्या आधी.

तड्यावरून शेवटचा मुद्दा. मुदत दोन वर्षांची आहे, दाव्याचं कारण घडल्यापासून. स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला तर कारण केव्हा घडलं, पोतं घेतलं तेव्हा की गळती दिसली तेव्हा? आणि ज्याचा स्लॅब अजून शाबूत आहे पण माल त्याच आठवड्याचा आहे, त्याला अधिकार आहे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ट्रान्सयुनियन प्रकरणात, प्रत्यक्ष हानी झाली नाही त्यांना नुकसानभरपाईच्या दाव्यात स्थान नाही असं ठरवलं. ८१८५ जणांच्या वर्गातले १८५३ जणच आत राहिले. आमच्या मते घराच्या बाबतीत हे मोजमाप अपुरं आहे. ज्या छताखाली पोरंबाळं झोपतात, त्याच्या मजबुतीची तपासणी मागायला ते आधी कोसळायची वाट बघायला लावणं हा न्याय नव्हे. भरपाई नका देऊ, पण तपासणी मागायचा अधिकार द्या.

तर मंडळी, सारांश एवढाच. सदोष बांधकाम-साहित्याच्या तक्रारीत आयोगाने माणसं सारखी आहेत का हे विचारण्याआधी माल एक आहे का हे विचारावं. मालाची ओळख पटवणारे कागद कारखान्याकडून मागवावेत. सूचना ग्रामसभेपर्यंत पोचवावी. आणि आपण ऐकणाऱ्यांनी, उद्या कुणाच्याही घराचं काम निघालं तर दोन गोष्टी कराव्यात: पक्कं बिल मागावं आणि प्रत्येक गाडीतल्या एका पोत्यावरचा छापील मजकूर कापून बिलाला टाचून ठेवावा. कायदा बदलायला वर्षं लागतील, कात्री घरात आहे.

आता प्रश्न घेऊ. वकील मंडळी समोर असतील तर त्यांनी आधी बोलावं. आमच्या म्हणण्यातली कुठली पायरी न्यायासनापुढे टिकणार नाही, ते ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.